विश्लेषण : अंधाऱ्या थिएटरमध्ये प्रेक्षकांचे फोटो कसे काढले गेले? कोण होता 'वीजी'?

थिएटरमधले दिवे मालवले की आपल्याला आता कोणी पाहत नाही, असे प्रेक्षक गृहीतच धरतात. न्यूयॉर्कमध्ये १९४०च्या दशकात एका फोटोग्राफरने हे गृहीतक मोडीत काढले. त्याचे नाव आर्थर फेलिग, पण जग त्याला 'वीजी' म्हणून ओळखते.

वीजी कोण होता?

जन्म १८९९चा, आजच्या युक्रेनमधल्या झोलोचिव्हचा. मूळ नाव उशर. गरीब ज्यू कुटुंब अमेरिकेत आले आणि उशरचा आर्थर झाला. शाळा लवकर सुटली, पडेल ते काम केले. पुढे एका वृत्तछायाचित्र संस्थेच्या डार्करूममध्ये तो बरीच वर्षे राबला. १९३५च्या सुमारास नोकरी सोडली आणि पोलीस मुख्यालयाजवळच खोली घेतली. १९३८मध्ये त्याला गाडीत पोलीस रेडिओ बसवण्याची परवानगी मिळाली. खून, आग, अपघात, तो सगळीकडे झटपट पोहोचू लागला. गाडीची डिकी हेच त्याचे ऑफिस. १९४५मध्ये 'नेकेड सिटी' हे त्याचे पुस्तक आले आणि गल्लीबोळांतला हा फोटोग्राफर प्रसिद्ध झाला.

इन्फ्रारेडचे तंत्र काय?

माणसाच्या डोळ्यांना साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतच्या तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. इन्फ्रारेड फिल्म त्यापलीकडचा प्रकाशही टिपते. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी असे फोटो १९१०मध्येच प्रसिद्ध केले होते. त्यांत झाडांची पाने बर्फासारखी पांढरी दिसत. वीजीला मात्र झाडापानांत रस नव्हता. फ्लॅशवर गडद फिल्टर लावला की दिसणारा प्रकाश जवळपास अडतो आणि अदृश्य किरण तेवढे बाहेर पडतात. समोरच्याला चाहूलही लागत नाही. अडचण फोकसची. इन्फ्रारेड किरण लेन्समधून किंचित वेगळ्या अंतरावर एकत्र येतात, त्यामुळे फोकस अंदाजाने सरकवावा लागतो. तोही मिट्ट काळोखात!

मग त्याने टिपले काय?

चुंबन घेणारी जोडपी, पेंगलेले प्रेक्षक, पडद्याकडे आ वासून पाहणारी मुले. कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर रात्री बसलेले प्रेमीही सुटले नाहीत. या फोटोंत त्वचा मेणासारखी गुळगुळीत दिसते आणि अंधारात विस्फारलेल्या बाहुल्यांमुळे डोळे काळेभोर.

आक्षेप कशावर?

यातल्या बहुतेकांना आपला फोटो निघाला, हे ठाऊकच नव्हते. खुनाच्या जागी जमलेल्या गर्दीला निदान फ्लॅश तरी दिसायचा. थिएटरमधल्या जोडप्याला तेवढीही संधी नव्हती. दुसरीकडे, कॅमेऱ्यासमोर कोणी सावरून बसले नाही म्हणूनच हे चेहरे इतके खरे वाटतात. हा पेच वीजीला फारसा छळत होता, असे त्याच्या कामावरून तरी दिसत नाही. रात्री पाहू शकणारे आजचे सीसीटीव्ही कॅमेरेही अदृश्य इन्फ्रारेड प्रकाशच वापरतात. फरक इतकाच की तिथे निदान पाटी लावलेली असते, तीही असलीच तर.

२६ डिसेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्कमध्येच वीजीचे निधन झाले. त्याचे हजारो फोटो आता त्याच शहरातल्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीत जपलेले आहेत. थिएटरमधली ती जोडपी त्यांत आहेत, बहुतेक सगळी निनावी.