बग्गीवाल्याने घडविलेले टेबल

पूल टेबल कसे दिसावे, यावर खेळणारे आणि विकत घेणारे यांचे एकमत क्वचितच होते. खेळणाऱ्याला हिरवी बनात ताणून बसविलेली हवी असते, कडेच्या रबराने चेंडू नेमका परतवायला हवा असतो. टेबलाचे पाय कसे आहेत, याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. विकत घेणारा मात्र दारातून आत येताच पाय पाहतो, लाकडाचा रंग पाहतो, कोरीवकामावरून हात फिरवतो. या दुसऱ्या नजरेचे मोल ज्यांनी पुरेपूर ओळखले आणि त्यावर मोठा उद्योग उभा केला, ते जॉन मोझेस ब्रन्सविक मूळचे बग्ग्या बनविणारे कारागीर होते.

स्वित्झर्लंडमधील ब्रेमगार्टन या गावी १८१९ मध्ये एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८३४ मध्ये, मिसरूडही नीट फुटले नव्हते अशा वयात, ते अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये एका खाटकाच्या दुकानी त्यांनी निरोप्याची कामे केली. त्यानंतर फिलाडेल्फियात एका बग्गीवाल्याकडे ते उमेदवारीला राहिले. उमेदवारी संपवून ते हॅरिसबर्गला गेले आणि तेथे लुइझा ग्रायनर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे संसार घेऊन ते ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटीला आले. १८३७ च्या आर्थिक अरिष्टाची झळ तेव्हा ओसरलेली नव्हती. बग्ग्या घेणार कोण, अशी अवस्था होती. हाती कसब असूनही ब्रन्सविक यांना नदीवरच्या आगबोटीत स्टुअर्डची नोकरी पत्करावी लागली. बोटीवर साठविलेल्या पैशांतून १८४५ मध्ये त्यांनी सिनसिनाटीत स्वतःचा कारखाना काढला, तोही बग्ग्यांचाच.

बग्गीचे काम सोपे नव्हे. ती वजन पेलणारी हवी, खड्ड्यांतून जाताना तिचे सांधे हलता कामा नयेत आणि शिवाय ती देखणी हवी, कारण मालकाची ऐपत रस्त्यावर तीच सांगत असते. लाकूड वाकविणे, न दिसणारे जोड देणे, रोगणाचे थरावर थर चढवून आरशासारखी झिलई आणणे हे सारे त्यात आले. ही विद्या लवकरच दुसऱ्याच वस्तूच्या उपयोगी पडली.

एका स्नेह्याच्या घरी मेजवानीला गेले असता ब्रन्सविक यांनी इंग्लंडहून आणविलेले बिलियर्ड्सचे टेबल पाहिले आणि आपण याहून चांगले करू शकतो असे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगितले जाते. कंपन्यांच्या जन्मकथा बहुधा अशाच गोंडस असतात. १८४५ मध्येच त्यांनी पहिले टेबल तयार केले आणि काही काळातच बग्ग्या मागे पडल्या, एवढे मात्र खरे. १८४८ मध्ये शिकागोत त्यांची शाखा निघाली. भाऊही धंद्यात आले.

काळ अनुकूल होता. लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी १८२६ मध्ये लाकडी फळ्यांऐवजी पाटीच्या दगडाची बैठक टेबलाला दिली. लाकूड हवेप्रमाणे फुगते, आक्रसते. दगड जागचा हलत नाही. नंतरच्या दहा वर्षांत कडांना रबर आले आणि १८४५ च्या सुमारास थंडीतही ताठर न होणारे, गंधकाची प्रक्रिया केलेले रबर वापरात आले. खेळ अचूक झाला, परंतु टेबल विलक्षण जड झाले. दगडाच्या लाद्या पेलायच्या तर खालची चौकट भरभक्कम आणि पाय जाडजूड असणे भागच होते. असा अवजड सांगाडा उघडा ठेवला, तर तो खाटकाच्या ओट्यासारखा दिसायचा. त्याचे रूप कसे खुलवावे, हा प्रश्न बग्गीवाल्याच्या पठडीतला होता.

त्यामागे व्यापाराचे मोठे कोडेही होते. बिलियर्ड्सचे नाव तेव्हा अमेरिकेत गुत्त्यांशी आणि पैजांशी जोडलेले होते. पूल हा शब्दसुद्धा पैजेच्या सामाईक रकमेवरून आला. शर्यतींवर पैसे लावण्याच्या अड्ड्यांत वेळ घालविण्यासाठी टेबले मांडली जात आणि त्या अड्ड्यांचेच नाव पुढे खेळाला चिकटले. सभ्य गृहस्थाने असली वस्तू दिवाणखान्यात का ठेवावी? ब्रन्सविक यांनी यावर टेबलालाच दिवाणखान्याचा वेष चढविला. महोगनी, रोजवूड यांसारखी उंची लाकडे, निरनिराळ्या रंगांच्या लाकडी पापुद्र्यांचे जडावकाम, कोरलेले पाय, चकाकती झिलई. शेजारी पियानो असला, तरी खटकू नये असा हा थाट होता.

याच काळात न्यूयॉर्कमध्ये मायकेल फेलन हे आयरिश वंशाचे खेळाडू टेबलाकडे अगदी वेगळ्या दृष्टीने पाहत होते. १८५० मध्ये त्यांनी या खेळावर पुस्तक लिहिले. १८५९ मध्ये डेट्रॉईट येथे पंधरा हजार डॉलरांच्या पैजेचा सामना त्यांनी जिंकला. कडेच्या रबराचा आकार सुधारून त्यांनी पेटंटे घेतली. कडेच्या लाकडात नेम धरण्यासाठी हिऱ्याच्या आकाराच्या खुणा बसविण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. आज या खुणा शोभेच्या वाटतात. मुळात त्या मोजपट्टीसारख्या आहेत. फेलन यांच्या लेखी टेबल हे अचूक यंत्र होते. हस्तिदंती चेंडूंना पर्याय शोधणाऱ्यास त्यांच्या कंपनीने १८६३ मध्ये दहा हजार डॉलरांचे बक्षीस जाहीर केले, ते याच वृत्तीतून. १८७१ मध्ये फेलन वारले आणि कारभार त्यांचे जावई ह्यू कोलेंडर यांच्याकडे गेला.

खेळाचे भले फेलन यांनी अधिक केले, हे मान्य करायला हवे. तरीही यंत्र म्हणून उत्तम असलेले टेबल घरात शिरेलच असे नव्हते, आणि ते घरात शिरविण्याचे काम ब्रन्सविक यांच्याकडून झाले.

त्यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात मात्र स्पर्धा जीवघेणी झाली. टेबल बनविणारे वाढले, किमती कोसळू लागल्या. ब्रन्सविक यांनी १८७३ मध्ये ज्युलियस बाल्के यांच्या कंपनीशी हातमिळवणी केली. १८८४ मध्ये कोलेंडर यांची कंपनीही सामील झाली आणि ब्रन्सविक-बाल्के-कोलेंडर हे लांबलचक नाव जन्माला आले. यंत्रवाले आणि फर्निचरवाले अखेरीस एका छपराखाली आले. बिलियर्ड्सचे साहित्य बनविणाऱ्या जगातील सर्वांत मोठ्या कंपन्यांत तिची गणना होऊ लागली.

या वर्षांतील त्यांचे सर्वाधिक गाजलेले टेबल म्हणजे ‘मोनार्क’. त्याला लाकडी पाय नाहीत. बिडात ओतलेले सिंह आपल्या अंगावर सारा भार घेऊन उभे आहेत. जुन्या वस्तूंचे संग्राहक आजही त्यासाठी मोठी किंमत मोजतात. निखळ रूपाचा विचार केला, तर हे सिंह जरा अतीच झाले, असे म्हणावे लागेल. त्यांच्या आयाळींवर खिळलेली नजर वरच्या शांत हिरव्या पृष्ठभागाकडे लवकर वळतच नाही. जडावकामाच्या टेबलांत हा दोष नव्हता. तेथे नक्षी चौकटीत राही.

मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांतून परिचित असलेले बारा फुटी इंग्लिश टेबल शेजारी कल्पिले, की हा फरक चटकन ध्यानात येतो. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद मिळविले, ते त्याच बारा फुटी टेबलावर. कातीव पायांचे ते टेबल क्लबच्या शिस्तीला शोभते. अमेरिकेतील टेबल हळूहळू आखूड होत नऊ फुटांवर आले.

ब्रन्सविक १८८६ मध्ये निवर्तले. धुरा त्यांचे जावई मोझेस बेन्सिंगर यांनी सांभाळली आणि मद्यगृहांचे कोरीव लाकडी दर्शनी भाग, बोलिंगचे साहित्य असा पसारा वाढत गेला. विसाव्या शतकात नक्षी ओसरली. १९६१ मध्ये त्याच कंपनीने ‘गोल्ड क्राऊन’ हे टेबल बाजारात आणले. त्यावर कोरीवकाम नव्हते, सिंह नव्हते. सरळ रेषा आणि धातूच्या चकाकत्या पट्ट्या एवढाच काय तो साज. व्यावसायिक खेळाडूंनी ते उचलून धरले. कडेच्या लाकडावर फेलन यांच्या खुणा मात्र तशाच होत्या.