जर्मनीत इंग्रजांसमोर फडकलेला भारताचा झेंडा आज पुण्यात आहे, तो आणणाऱ्या मादाम कामांचं पुढं काय झालं?

तारीख २२ ऑगस्ट १९०७. जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली होती. देशोदेशीचे शेकडो प्रतिनिधी जमले होते. साडी नेसलेली एक पारशी बाई बोलायला उभी राहिली. भाषण संपवताना तिनं एक झेंडा उलगडला आणि सभागृहाला त्याला मान द्यायला सांगितलं.

त्या होत्या भिकाजी रुस्तुम कामा, म्हणजेच मादाम कामा.

जन्म मुंबईचा, १८६१ सालचा. माहेर श्रीमंत, नवरा इंग्रजांना मानणारा वकील. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा त्या रुग्णसेवेत उतरल्या आणि स्वतःच प्लेगनं आजारी पडल्या. त्यातून वाचल्या, पण तब्येत खालावली. उपचारासाठी १९०२ मध्ये लंडनला गेल्या. तिथं दादाभाई नौरोजी, श्यामजी कृष्ण वर्मा यांच्याशी संबंध आला.

परत यायचं तर राजकारणात भाग घेणार नाही असं लिहून द्या, अशी अट सरकारनं घातली. त्यांनी नकार दिला आणि पॅरिस गाठलं.

आता तो झेंडा कसा होता ते बघू. हिरवा, केशरी, लाल असे तीन पट्टे. वर आठ प्रांतांची आठ कमळं, मध्ये देवनागरीत वंदे मातरम्, खाली सूर्य आणि चंद्रकोर.

परिषदेत ब्रिटनच्या काही प्रतिनिधींनी कामांना विरोध केला. भारताच्या स्वातंत्र्याचा ठराव मतदानाला आलाच नाही. पण जे ठरावानं झालं नाही, ते झेंड्यानं केलं. भारत हा स्वतंत्र देश म्हणून कसा दिसेल, हे जगानं बघितलं.

किंमत मात्र मोठी होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्सनं त्यांना नजरकैदेत ठेवलं. १९३५ मध्ये पक्षाघातानं शरीर थकलं, तेव्हा एकेकाळी नाकारलेली अट त्यांना मान्य करावी लागली. ३३ वर्षांनी त्या मुंबईत परतल्या. जेमतेम नऊ महिन्यांनी, १३ ऑगस्ट १९३६ ला त्यांचं निधन झालं.

झेंडा मात्र कुणाला काही लिहून न देता मायदेशी आला. इंदुलाल याज्ञिक यांनी तो इंग्रजांची नजर चुकवून भारतात आणला. आज तो पुण्यात, केसरीवाड्यात जपून ठेवलाय.