कै. दादासाहेब फाळके आणि प्रकाशाची छपाई

धुंडिराज गोविंद फाळके हें नांव उच्चारतांच वाचकांस १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट आठवतो, व तें योग्यच आहे. परंतु चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं या गृहस्थांनीं फोटोलिथो नांवाच्या छपाईंत कित्येक वर्षें घालविलीं. आज संगणकाची चिप ज्या विद्येनें तयार होते तिचेंहि नांव फोटोलिथोग्राफी असेंच आहे, आणि हें साम्य केवळ योगायोगाचें नाहीं. म्हणून त्यांच्या चरित्राचा हा उपेक्षित भाग विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. घर शास्त्र्यांचें, पण मुलाचा ओढा चित्रकलेकडे. १८८५ सालीं ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले व पुढें बडोद्याच्या कलाभवनांत गेले. तेथील प्राध्यापक गज्जर यांनीं त्यांस तीन रंगांचे ठसे व फोटोलिथो शिकण्यासाठीं रतलामला पाठविलें. नंतर गोध्र्यास त्यांनीं छायाचित्रांचें दुकान घातलें. तेथें प्लेगनें पत्नी व मूल दोन्ही हिरावून नेलीं. त्या घावाविषयीं अधिक काय लिहावें?

आतां फोटोलिथो म्हणजे काय तें पाहूं. तेल व पाणी यांचें जमत नाहीं, हें स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. शिळाछापाचा सारा डोलारा या वैरावर उभा आहे. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईनें चित्र काढावें, दगड ओला करावा, वर शाईचा रूळ फिरवावा. शाई चित्रास तेवढी चिकटते, ओल्या भागास चिकटत नाहीं. मग चित्र हातानें न काढतां प्रकाशाकडून काढून घेतां येईल काय? येतें. कागदावर जिलेटिनचा लेप देऊन त्यांत बायक्रोमेट नांवाचा क्षार मिसळावा. त्यावर निगेटिव्ह ठेवून तो उन्हांत धरावा. प्रकाश लागेल तेथें लेप कठीण होतो. न लागेल तेथें तो पाण्यानें फुगून सुटतो. वर शाई फांसून कागद धुतला कीं नको ती शाई लेपासह निघून जाते, आणि राहिलेलें चित्र दगडावर दाबून उतरवितात.

पुराणवस्तु खात्यांतील नोकरी फाळक्यांनीं स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत सोडली आणि लोणावळ्यास स्वतःचा छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या नांवाचा छापखाना जवळच मळवलीस होता. त्याच्यासाठीं फोटोलिथोनें चित्रें उतरवून देण्याचें काम येथें चाले. ज्यांच्या घरीं त्या छापखान्याची जुनी लक्ष्मी किंवा सरस्वती कांचेमागें असेल त्यांनीं ती भिंगांतून पाहावी. प्रत्येक रंगास निराळा दगड लागे, आणि एक दगड केसभर सरकला तरी देवीच्या ओठांचा रंग गालावर जाई.

आपल्या धामणकर नाक्यावर उभ्या असलेल्या कोणाहि मनुष्याच्या खिशांतील मोबाईल घ्या. त्याच्या पोटांतील चिपहि याच रीतीनें छापलेली आहे. दगडाच्या जागीं सिलिकॉनची चकती, जिलेटिनच्या जागीं प्रकाशानें पालटणारें रसायन, निगेटिव्हच्या जागीं मास्क नांवाची नक्षीची कांच. ही नक्षी बहुधा चौपट लहान करून चकतीवर पाडतात, चकती धुतात, उघडा पडलेला भाग कोरतात किंवा त्यांत दुसरें द्रव्य घालतात, आणि पुन्हां नवा लेप. असे अनेक थर एकावर एक नेमके बसवावे लागतात; केसभर चूक तेथें फार झाली, कारण रेषाच केसाहून हजारों पटींनीं बारीक असते. यासाठीं १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अदृश्य अतिनील प्रकाश वापरतात, आणि अत्यंत बारीक कामास १३.५ नॅनोमीटरचा, मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर. हा दुसरा प्रकाश कांच व हवा दोन्ही गिळून टाकतात, म्हणून तेथें भिंगें नसून निर्वात पोकळींत आरसे असतात. १९५७ च्या सुमारास अमेरिकेंत जे लॅथ्रॉप व जेम्स नॉल यांनीं ट्रान्झिस्टरसाठीं ही युक्ति योजिली व तिला छापखान्यांतलेंच नांव दिलें. खरें पाहतां त्यांचें काम ठसे कोरण्याच्या कलेस अधिक जवळचें होतें. पण फाळक्यांस तीहि कला येत होती.

पुढें छापखाना दादरला आला. १९०९ सालीं फाळके रंगीत छपाईच्या यंत्रांसाठीं जर्मनीस जाऊन आले. धंदा भरास आला आणि भागीदारीत बिनसलें. हातीं विद्या असूनहि त्यांस स्वतः उभा केलेला छापखाना सोडावा लागला. वय चाळिशीचें, घरीं मुलेंबाळें. अशा दिवसांत मुंबईच्या एका चित्रगृहांत त्यांनीं ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला आणि मनानें तोच ध्यास घेतला. रात्रंदिवस चित्रें पाहून डोळे अधू झाले, कांहीं काळ दिसेनासें झालें. उपचारांनीं दृष्टि परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या आरंभीं लंडनला गेले. परत आल्यावर कोऱ्या फिल्मच्या कडांस भोकें पाडण्याचें काम द्वितीय पत्नी सरस्वतीबाई अंधारांत बसून करीत. फिल्म धुणें मात्र फाळक्यांस नवें नव्हतें. अंधाऱ्या खोलींत रसायनें हाताळण्यांतच त्यांचें तारुण्य गेलें होतें. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला.

बोलपट आल्यावर त्यांचे दिवस पालटले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांचा अंत झाला. त्या वेळीं जगांत पहिला ट्रान्झिस्टरहि व्हावयाचा होता.