ध्वजस्तंभावर चढलेला खेळाडू

पीटर ओकॉनर या आयरिश लांबउडीपटूचे नाव आज निघते ते त्याच्या उडीपेक्षा त्याच्या चढण्यामुळेच अधिक. ऑलिंपिकच्या क्रीडांगणात राजकारण आणणारा पहिला खेळाडू असा शिक्का त्याच्यावर बसला आहे. तो कितपत न्याय्य आहे, याचा विचार त्याचे चरित्र बाजूला ठेवून करता येणार नाही.

ओकॉनरचा जन्म १८७२ साली इंग्लंडात झाला. पण तो वाढला आयर्लंडातील विकलो येथे आणि पोटासाठी कारकुनी केली ती वॉटरफर्डमधील एका वकिलाच्या कचेरीत. ५ ऑगस्ट १९०१ रोजी डब्लिन येथे त्याने ७.६१ मीटर लांब उडी मारली. तो जागतिक विक्रम वीस वर्षे अबाधित राहिला. आयर्लंडचा विक्रम म्हणून तर तो १९९० पर्यंत टिकला. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी ब्रिटिश संघातून येण्याचे निमंत्रण त्याने नाकारले होते. खेळायचे तर आयर्लंडसाठीच, हा त्याचा हट्ट.

१९०६ साली अथेन्सला तो गेला तो याच भावनेने. अंगात हिरवा कोट, त्यावर सोनेरी शॅमरॉकचे पान आणि सामानात सोनेरी वीणेचा हिरवा ध्वज. तेथे पोहोचल्यावर कळले, की राष्ट्रीय ऑलिंपिक समित्यांनी पाठविलेल्या खेळाडूंनाच प्रवेश आहे. आयर्लंडला अशी समिती नव्हती, कारण आयर्लंडला राज्यच नव्हते. साहजिकच त्याची गणना ब्रिटिश संघात झाली. लांब उडीत अमेरिकेचा मायर प्रिन्स्टाइन पहिला आला, ओकॉनर दुसरा. त्या स्पर्धेचा एकमेव पंच अमेरिकी संघाचाच व्यवस्थापक होता. ओकॉनरची हरकत अर्थातच फेटाळली गेली. मग त्याच्या नावाने ब्रिटिश ध्वज वर जाऊ लागताच तेहतीस वर्षांचा हा गृहस्थ सरळ स्तंभावर चढला आणि वरून हिरवा ध्वज फडकावू लागला. खाली कॉन लेही हा त्याचा सहकारी पहारा देत उभा होता.

त्या चढण्यात पंचाविषयीचा संतापही मिसळलेला असावा. प्रत्येक नाराज खेळाडू असा स्तंभावर चढू लागला तर सामने होणार कसे, हा आक्षेपही पोकळ नाही. परंतु राजकारण तेथे ओकॉनरने आणले, हे म्हणणे मात्र खरे नव्हे. कोणाच्या विजयावर कोणता ध्वज चढावा हे नियमाने ठरविले, तेव्हाच ते क्रीडांगणात आले होते. आणि ज्याच्या देशाला समितीत जागा नाही, त्याने आपली तक्रार मांडावी तरी कोठे?

तीनच दिवसांनी त्याने तिहेरी उडीत सुवर्णपदक जिंकले. पुढे तो वॉटरफर्डमध्ये स्वतः वकिली करू लागला. १९२४ साली पॅरिसमध्ये आयर्लंडचा स्वतंत्र संघ उतरलेला त्याच्या हयातीत घडले. १९५७ साली तो वारला. अथेन्सचे ते सामने मात्र आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती अधिकृत मानीत नाही. त्यामुळे ओकॉनरची दोन्ही पदके तिच्या दप्तरी कोठेच नाहीत, ना आयर्लंडच्या नावावर, ना ब्रिटनच्या.