विश्लेषण : वकिलीची परीक्षा पास, सनद मात्र २२ वर्षांनी! कोण होत्या कॉर्नेलिया सोराबजी?

इंदापूर तालुक्यातील वरकुट्याची एखादी मुलगी आज एलएलबी झाली, की महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नाव नोंदवते आणि अखिल भारतीय बार परीक्षेच्या तयारीला लागते. प्रश्न १००, खुल्या गटाला पासिंग ४५ टक्के. कॉर्नेलिया सोराबजी यांची अडचण पासिंगची नव्हतीच.

शिक्षण कुठे झाले?

जन्म नाशिकचा, १५ नोव्हेंबर १८६६. शिक्षण पुण्यात, डेक्कन कॉलेजात. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. पदवी परीक्षेतील गुणांवर त्यांना इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. बाई म्हणून ती नाकारली गेली. अखेर इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी काढली; त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या.

१८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये पुरुषांबरोबर कायद्याची बीसीएल परीक्षा देता यावी म्हणून विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. तिसरा वर्ग मिळाला. पदवी मात्र नाही. ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नसे. ती हाती पडली १९२२ मध्ये.

मग अडले कुठे?

भारतात परतून त्यांनी १८९७ मध्ये मुंबईची एलएलबी केली आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही दिली. पास झाल्या, पण सनद नाही. कायद्यातील पुल्लिंगी शब्दात स्त्रीही येते, हा तेव्हाचाही नियम. वकिलीच्या बाबतीत मात्र न्यायालये तो मानत नव्हती. १९१६ मध्ये कोलकात्यात रेजिना गुहा यांनाही याच मुद्द्यावर नकार मिळाला.

तोपर्यंत काय केले?

पडद्यातील जमीनदार विधवांना पुरुष वकिलासमोर येता येत नसे. त्यांच्या इस्टेटी कारभारी गिळत. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये सल्लागार म्हणून कॉर्नेलियांनी सुमारे ६०० स्त्रिया आणि अनाथ मुलांची बाजू सांभाळली. सनदेविना केलेले हे काम पुढच्या वकिलीपेक्षा मोठे वाटते. त्या ब्रिटिश राजवटीच्या समर्थक होत्या, गांधीजींच्या टीकाकार. आपल्याकडे नाव मागे पडले त्याचे हेही एक कारण असावे.

दार कधी उघडले?

१९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची वकील म्हणून नोंद केली. १९२३ च्या कायद्याने देशभरातील स्त्रियांवरची बंदी उठली. १९२४ मध्ये त्यांनी कोलकात्यात वकिली सुरू केली, तेव्हा वय होते ५७. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.