शरणपूरचे प्राइस साहेब

माजिवड्याच्या नाक्यावरून नाशिककडे मोठा रस्ता जातो. त्या वाटेने नाशिकास गेलेल्या वाचकांनी तेथील शरणपूर रस्ता पाहिला असेल. परंतु ते नाव कोणामुळे पडले, हे आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत थोड्यांसच ठाऊक असावे. ते रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस ह्यांच्यामुळे पडले. त्यांचे सगळे चरित्र येथे देता येणार नाही. दास्यातून सुटलेल्या मनुष्यास सुटकेनंतर कोणी पोसावे, ह्या एका प्रश्नाने उणीपुरी तीस वर्षे त्यांची पाठ कशी सोडली नाही, तेवढेच आम्ही सांगणार आहो.

साहेब चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी. १८५४ च्या सुमारास त्यांनी नाशिक शहराबाहेर शरणपूर ही वसाहत वसविली. त्या काळी बाप्तिस्मा घेतला की भाऊबंद घराबाहेर काढीत, पाणवठा बंद होई, हातचा धंदा जाई. अशांस व पोरक्या मुलांस तेथे आसरा मिळे. परंतु नुसत्या आसऱ्याने पोट भरत नाही. म्हणून साहेबांनी सुतारकी व लोहारकी शिकविण्याची सोय केली.

पुढे १८६० पासून तेथे निराळेच पाहुणे येऊ लागले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून नेणारी गलबते इंग्रज आरमार समुद्रात पकडी, आणि सुटलेली माणसे मुंबई बंदरात उतरवी. सोडविणे आरमाराचे काम. परंतु पुढे काय? त्या लेकरांस ना गाव, ना भाषा, ना नातलग. त्यांतील पुष्कळ मुले शरणपुरास पाठविण्यात आली. तेथे ती वाचावयास शिकली, रंधा व घण हाती धरू लागली. १८६५ साली डॉ. लिव्हिंगस्टन ह्यांनी आपल्या शेवटच्या प्रवासासाठी येथूनच काही मुलगे निवडून नेले. १८७३ साली ते आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांच्यासाठी प्रेतसंस्काराची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हाही नाशिकच्याच शाळेचा. पुढल्या वर्षी तो त्यांच्या देहाबरोबर इंग्लंडास गेला.

ह्या गोष्टी सांगण्यास गोड आहेत. पण वाचकांनी एक पाहावे, की ही सारी मुलांची कथा आहे. मूल पोसले तर उद्या ते सुतार होते, शिक्षक होते. वर्गणीदारासही संतोष वाटतो. ज्याची पाठ दुसऱ्याचे ओझे वाहून वाकली, अशा म्हाताऱ्याचे काय? हा प्रश्न काही आफ्रिकेपुरता नव्हता. अमेरिकेत म्याचुसेट्स प्रांताने १७०३ साली कायदा केला, की गुलामास मुक्त करणाऱ्या धन्याने ५० पौंडांचा जामीन द्यावा, म्हणजे पुढे त्या मनुष्याचा भार गावावर पडणार नाही. अंगात बळ होते तोवर राबवून घ्यावे, आणि बळ सरले की मुक्ती देऊन दारातून घालवावे, ही युक्ती धन्यांस चांगली साधली होती, हे ह्या कायद्यावरूनच दिसते. इंग्लंडाने १८३३ साली आपल्या वसाहतींतील गुलामगिरी मोडली, तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई दिली ती धन्यांस. जे राबले त्यांस काही नाही. आमच्या देशात १८४३ च्या ५ व्या कायद्याने गुलामगिरीस कोर्टाचा आधार नाहीसा झाला, परंतु वृद्ध दासीच्या भाकरीची तजवीज त्यातही नव्हती.

असो. १८७३ साली सर बार्टल फ्रिअर झांझिबारास गेले आणि तेथील गुलामांचा बाजार बंद होण्याचा तह झाला. मुंबईचे गव्हर्नर असताना त्यांस शरणपूर ठाऊक झाले होते. तसेच गाव आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वसवावे असे त्यांनी सुचविले. ते काम प्राइस साहेबांवर आले. १८७४ च्या अखेरीस ते मोंबासास पोहोचले. जमीन विकत घेऊन फ्रिअरटाऊन वसविले, आणि नाशिकची सुमारे १५० आफ्रिकी मंडळी त्यांच्या मदतीस आली. आता आरमाराची जहाजे लहानथोर सर्वांसच तेथे उतरवू लागली. रोजचा शिधा, झोपडी, औषध, मग शेताचा तुकडा, असा सारा भार मिशनवर पडला. साहेबांची प्रकृती ढासळली व १८७६ साली ते परतले.

पोसणाऱ्याच्या हाती सत्ता येते, हेही येथे लपविणे बरे नाही. साहेबांच्या मागे फ्रिअरटाऊनात रहिवाशांस फटके मारल्याच्या व कोंडून ठेवल्याच्या तक्रारी झाल्या. १८८१ साली चौकशी होऊन साहेबांस घडी बसविण्यास पुन्हा जावे लागले. शिधा देणारा हात धन्याचा हात होण्यास वेळ लागत नाही.

तिसऱ्यांदा ते १८८८ साली गेले, तो प्रसंग सर्वांत बिकट होता. रबाई व आसपासच्या मिशनच्या ठाण्यांत पळून आलेले गुलाम पुष्कळ झाले होते, आणि त्यांचे धनी ते परत मागत होते. परत द्यावे तर मनुष्यांस दावणीस बांधल्यासारखे. न द्यावे तर सारी वसाहत जळण्याचे भय. अखेर ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीचे मॅकेंझी ह्यांनी धन्यांशी ठराव केला. सुमारे ३,५०० पौंड देऊन १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे १,४०० माणसांस मुक्तीचे कागद मिळाले. येथेही पैसा गेला धन्यांकडेच. ज्यांचे हात अजून चालत होते त्यांस कागद पुरला. ज्यांचे थकले होते त्यांची भाकरी मिशनने, किंवा शेजारच्या झोपडीत तसाच कागद घेऊन आलेल्या कोणी, दिली असेल तर दिली.

आमच्या ठाणे जिल्ह्यातही लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको जन्मभर सावकाराकडे राबत. त्यांस लग्नगडी म्हणत. १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने असे कर्ज रद्द ठरविले आणि सुटलेल्यांचे पुनर्वसन पाहण्यास जिल्ह्याजिल्ह्यात समित्या नेमण्याचे लिहिले. कायद्यात पुनर्वसनाचा शब्द आला, हे प्राइस साहेबांच्या काळापेक्षा निश्चित अधिक आहे. त्या शब्दाप्रमाणे थकलेल्या गड्याच्या ताटात काय पडते, हे आमच्या उपदेशकांनी आपापल्या पाड्यावर विचारून पाहावे.

१८८८ च्या त्या प्रवासाचा वृत्तांत साहेबांनी पुस्तकरूपाने लिहिला. तो १८९० साली छापला गेला. फ्रिअरटाऊनात गुलाम पकडणारे दिसले की घंटा वाजवीत. त्या घंटेवरून मोंबासातील त्या भागास तेथील भाषेत केंगेलेनी, म्हणजे घंटेपाशी, असे नाव पडले आहे.