रेव्हरंड टिळकांना आलेली हाक

‘फुलामुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रात एक प्रश्न वारंवार डोकावतो. देव माणसाशी बोलतो तो नेमका कसा? शास्त्रवचन, प्रार्थना, सदसद्विवेक, निसर्ग, स्वप्न, दृष्टान्त असे अनेक मार्ग ख्रिस्ती श्रद्धेने मानले आहेत. टिळकांच्या वाट्याला मात्र पहिली हाक आली ती रेल्वेच्या डब्यात.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी ६ डिसेंबर १८६१ रोजी चित्पावन ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले टिळक लहानपणीच आईला मुकले. नाशकात त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. काव्यापासून धर्मापर्यंत गप्पा रंगल्या. निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. ग्रंथ वाचू लागलेले टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो सहप्रवासी कोण होता, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.

एकाला ऐकू आलेली हाक घरातल्या दुसऱ्याला ऐकू येतेच असे नाही. धर्मांतराची वार्ता पत्नी लक्ष्मीबाईंवर वज्राघातासारखी कोसळली. सुमारे पाच वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरकडे आल्या, तरी सोवळेओवळे आणि वेगळी चूल सुटली नव्हती. ना ग्रंथ, ना स्वप्न. जातिभेद देवाने केला की माणसाने, या एकाच विचाराने त्यांच्या मनातील बांध फुटला. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या झपाट्यापेक्षा लक्ष्मीबाईंचा हा संथ प्रवास अधिक विलक्षण म्हणावा लागेल. ‘स्मृतिचित्रे’त तो त्यांनी विनोदबुद्धीने, पण काहीही न झाकता सांगितला आहे.

टिळकांनी वारकरी परंपरेशी नाते तोडले नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे पाश्चात्त्य चालींच्या उपासनेत त्यांनी अभंग आणि कीर्तन आणले. त्यांची गीते मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही गायिली जातात. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाची धुराही त्यांनी वाहिली.

सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांना पुन्हा अंतःप्रेरणा झाली. मिशनची नोकरी आणि वेतन सोडून ते साताऱ्यास गेले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. पोटापाण्याची तरतूद नसताना उतारवयात घेतलेला हा निर्णय अनेकांना अविचारी वाटला. दरबार नीट उभा राहण्याआधीच, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य तेव्हा अपुरेच होते. शाळेत कधीही न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचा उरलेला मोठा भाग लिहिला.